'पास' या शब्दाची पावले

नोकरीच्या शोधात मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर गेला, की त्याला तीन भाषांशी एकदम जुळवून घ्यावे लागते. घरात मराठी, बाजारात त्या प्रांताची भाषा आणि कागदावर इंग्रजी. बंगळुरू शहराच्या दक्षिणेस, तामिळनाडूच्या सीमेला लागून असलेल्या आनेकल तालुक्यात ही स्थिती ठळकपणे दिसते. बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात आहेत आणि तेथे देशाच्या अनेक भागांतून कामगार येतात. सोलापूर जिल्ह्यातून आलेला असा एक तरुण कामगार आपण डोळ्यांसमोर आणू या. बहिणीच्या लग्नासाठी त्याने आठ दिवसांच्या रजेचा अर्ज केला. दोन दिवसांनी कार्यालयाकडून इंग्रजीत एक ओळ आली, 'युवर ॲप्लिकेशन हॅज बीन पास्ड ऑन टू द मॅनेजर.' त्यातला 'पास्ड' त्याने वाचला, अर्ज पास झाला असे समजून गाडीचे तिकीट काढले आणि तो गावी गेला. परत आला तेव्हा आठ दिवसांची बिनपगारी गैरहजेरी त्याच्या नावावर पडली होती. अर्ज मंजूर झालेलाच नव्हता. तो केवळ पुढे व्यवस्थापकाकडे पाठवला गेला होता.

'पास' हा शब्द त्याला अपरिचित होता म्हणून ही चूक झाली, असे म्हणता येत नाही. तो फारच परिचित होता. बसचा मासिक पास त्याच्या खिशात असे. पाळी संपण्याआधी कारखान्याबाहेर जायचे, तर फाटकावर गेटपास दाखवावा लागे. पगार जमा झाला की नाही हे तो पासबुकात पाही. (कर्नाटकात 11 जून 2023 पासून राज्यातील महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो, त्यामुळे बसच्या पासाची चिंता आता मुख्यतः पुरुषांनाच उरली आहे.) शिवाय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेत शेकडा 33 गुण मिळाले की विद्यार्थी 'पास' होतो, हे तुम्हांला सांगावयास नकोच.

इतके निरनिराळे अर्थ एका शब्दात कसे आले? हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'पाऊल' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पाऊल टाकून एखादी जागा ओलांडणे, हा 'पास'चा मूळ भाव. परीक्षा ओलांडली की पास. पहारेकऱ्याला ओलांडून आत जाऊ देणारा कागद तो पास आणि त्यासाठी उच्चारावयाचा गुप्त शब्द तो पासवर्ड. मराठीत याला पूर्वीपासून 'परवलीचा शब्द' म्हणतात. तो कोणाला सांगू नये, हा नियम किल्ल्याच्या दरवाजावर होता, तसाच बँकेच्या खात्यालाही आहे. डोंगर जेथून ओलांडता येतो ती जागाही इंग्रजीत 'पास'च. आपण तिला खिंड म्हणतो. 1660 मध्ये बाजीप्रभू देशपांडे यांनी लढवलेल्या पावनखिंडीचे वर्णन इंग्रजी पुस्तकात वाचाल, तेव्हा तेथे हाच शब्द भेटेल.

मराठीने या अर्थांसाठी स्वतःचे शब्द घडवले, तेव्हा गंमत अशी झाली की त्यांतही ओलांडण्याचेच चित्र उमटले. 'उत्तीर्ण' म्हणजे तरून पलीकडे गेलेला. पासपोर्टला 'पारपत्र' म्हणतात आणि विधानसभेत विधेयक 'पारित' होते. दोहोंत 'पार' आहेच. मात्र 'आसपास' या शब्दातील 'पास' निराळा. तो संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू या शब्दापासून आला आहे आणि इंग्रजी 'पास'शी त्याचे काही नाते नाही. एका शब्दाचे अनेक अर्थ असणे वेगळे आणि दोन निराळ्या शब्दांचे रूप योगायोगाने सारखे असणे वेगळे.

बोम्मसंद्र येथे डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापन केलेले नारायण हृदयालय हे मोठे रुग्णालय आहे. तेथे 'बायपास' हा शब्द कानी पडला की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. वस्तुतः गावाबाहेरून जाणाऱ्या बायपास रस्त्यात आणि या शस्त्रक्रियेत एकच कल्पना आहे. रस्त्याला आपण 'बाह्यवळण' म्हणतो. हृदयाच्या धमनीत अडथळा आला, तर तो तसाच ठेवून, पायातील शीर किंवा छातीतील धमनी वापरून रक्ताला बाजूने नवी वाट करून दिली जाते. पायातील शीर वापरण्याची ही पद्धत अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक रेने फावालोरो यांनी 1967 मध्ये अमेरिकेत रूढ केली. अडथळा काढून टाकला जातो, असा अनेकांचा समज असतो. 'बायपास' या शब्दाकडे नीट पाहिले तर तो होणार नाही.

आता अर्थ उलटा होतो अशी ठिकाणे पाहू. प्रश्नमंजूषेत स्पर्धक 'पास' म्हणतो तेव्हा तो उत्तीर्ण होत नाही, प्रश्न सोडून देतो. 'पास्ड ओव्हर' म्हणजे बढतीच्या वेळी डावलला गेलेला. 'पास्ड आउट' म्हणजे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला, आणि शुद्ध हरपली असाही. 'पास्ड अवे' म्हणजे निधन झाले. हा शेवटचा अर्थ आपल्याला चमत्कारिक वाटू नये. 'आजोबा गेले' असे आपणही म्हणतोच, आणि नव्याने मराठी शिकणारा 'कुठे गेले?' असे विचारतो, तेव्हा आपली पंचाईत होते.

या सर्व उदाहरणांत 'पास्ड' तोच आहे; अर्थ फिरवला आहे तो ऑन, ओव्हर, आउट, अवे या चिमुकल्या शब्दांनी. घाईत वाचणारा नेमके तेच गाळतो. मराठीत असे काम बहुधा क्रियापद करते. 'पास झाला', 'पास केला', 'पास दिला' यांत 'पास' अविचल राहतो आणि शेवटचा शब्द अर्थ ठरवतो. त्यामुळे 'पास'च्या पुढे आलेल्या लहान शब्दाकडे लक्ष देण्याची सवय आपल्याला इंग्रजी वाचताना मुद्दाम लावून घ्यावी लागते.

रजेच्या पत्रात शोधावयाचे शब्द 'अप्रूव्हड' किंवा 'सँक्शन्ड' हे होत. ते दिसले नाहीत, तर तिकीट काढण्यापूर्वी कचेरीत जाऊन 'मंजूर झाली का?' एवढे विचारावे. आनेकलमधील कन्नड लेखनिकालाही हा प्रश्न कळेल. अरबी-फारसीतून आलेला 'मंजूर' हा शब्द कन्नडमध्येही 'मंजूरु' या रूपाने रोज चालतो.