गिझर व वातानुकूलन यंत्रामुळे सर्किट ब्रेकर ट्रिप होणे

गिझर, वातानुकूलन यंत्र (एसी) यांसारखी उपकरणे चालू असताना किंवा चालू होताना घरातील सर्किट ब्रेकर आपोआप खाली पडून वीजपुरवठा खंडित होतो, त्याला ब्रेकर ट्रिप होणे असे म्हणतात. हा बहुधा ब्रेकरचा दोष नसून ती संरक्षणाची क्रिया असते. ब्रेकर केव्हा आणि किती वेळाने पडतो, यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगावसह महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत महावितरण घरगुती ग्राहकांना २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा एकफेजी पुरवठा करते. येथील घरांत खोली तापवण्याची गरज क्वचितच भासते. त्यामुळे हिवाळ्यात गिझर व उन्हाळ्यात एसी हेच मोठे भार ठरतात. केवळ दिवे व पंखे यांच्यासाठी केलेल्या जुन्या वायरिंगवर हे भार जोडल्यास ब्रेकर वारंवार पडतो.

अतिभार

घरगुती एमसीबीमध्ये दोन यंत्रणा असतात. द्विधातूची पट्टी प्रवाहाच्या उष्णतेने हळूहळू वाकते व अतिभार असल्यास परिपथ तोडते. विद्युतचुंबकीय गुंडाळी लघुपरिपथाच्या वेळी क्षणार्धात काम करते. ३००० वॉटचा गिझर, १५०० वॉटची इंडक्शन शेगडी व १००० वॉटची इस्त्री एकाच परिपथावर चालवल्यास सुमारे २४ अँपिअर प्रवाह वाहतो. १६ अँपिअरचा ब्रेकर अशा वेळी लगेच नव्हे, तर काही काळाने पडतो. कडक उन्हात तापलेल्या वितरण पेटीत तो आणखी लवकर पडू शकतो. सैल स्क्रूमुळे जोड तापल्यासही हेच घडते.

आरंभप्रवाह

ठरावीक गतीने चालणाऱ्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या सुमारे पाच ते सात पट प्रवाह घेतो. ‘बी’ प्रकारचा ब्रेकर मानांकित प्रवाहाच्या ३ ते ५ पटींत, तर ‘सी’ प्रकारचा ५ ते १० पटींत तत्काळ पडतो. म्हणून एसीसाठी ‘सी’ प्रकार वापरतात. वीज जाऊन लगेच परत आल्यास वायूचा दाब समान झालेला नसतो. कॉम्प्रेसर अडकतो आणि मोठा प्रवाह घेत राहतो. त्यामुळे सुमारे तीन मिनिटे थांबणे हितावह असते. कमी विद्युतदाबातही कॉम्प्रेसर अधिक प्रवाह घेतो. गिझरचा प्रवाह मात्र घटतो. धुळीने भरलेल्या बाह्य जाळीमुळे कॉम्प्रेसरवरील भार वाढतो. इन्व्हर्टर एसीचा वेग हळूहळू वाढत असल्याने त्याचा आरंभप्रवाह कमी असतो.

गळतीप्रवाह

गिझरच्या तापकाभोवती धातूचे आवरण असते व आत मॅग्नेशियम ऑक्साइडचे विद्युतरोधन असते. जड पाण्याचे क्षार साचून आवरण तापते, गंजते किंवा तडकते. आत ओल शिरल्यावर प्रवाह पाण्यात व आर्थिंगमध्ये गळू लागतो. ही गळती १६ अँपिअरच्या एमसीबीला कळत नाही. फेज व न्यूट्रल यांतील प्रवाहांचा फरक ओळखणारा आरसीसीबी मात्र साधारणतः ३० मिलिअँपिअरच्या आतच पडतो. गिझर लावताच आरसीसीबी पडत असेल, तर तो गिझर दुरुस्तीपूर्वी वापरणे प्राणघातक ठरू शकते.

प्रतिबंध

वारंवार पडणाऱ्या ब्रेकरऐवजी अधिक अँपिअरचा ब्रेकर बसवणे धोकादायक असते. वायर तीच राहते. मोठा ब्रेकर तिला वितळेपर्यंत प्रवाह वाहू देतो आणि आग लागू शकते. आरसीसीबी टाळून थेट जोडणी करणेही तितकेच घातक आहे. गिझर व एसी यांना वितरण पेटीतून स्वतंत्र परिपथ, योग्य जाडीची तांब्याची वायर व खात्रीची आर्थिंग देणे, हा सुरक्षित उपाय आहे. एकदा पडलेला ब्रेकर उपकरण बंद करून वर करावा. पुन्हा पडल्यास परवानाधारक वीजतंत्रीकडून तपासणी करून घ्यावी.