तहानेची वाट पाहू नका

नाथसागर उशाशी असला, तरी एप्रिल-मेमध्ये पैठणचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. हवामान खात्याचा अंदाज पाहताना केवळ कमाल तापमानावर थांबू नका. किमान तापमानही पाहा. रात्रही तापलेली राहिली, तर शरीराला सावरण्यास उसंत मिळत नाही. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून घरातील ज्येष्ठांनी मागण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून त्यांना पाणी, ताक, पन्हे द्या. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पत्र्याच्या घरात दुपारी त्यांना एकटे ठेवू नका. अंग तापून बोलणे असंबद्ध झाले, तर तातडीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तोवर सावलीत ओल्या कापडाने अंग पुसून वारा घाला. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी मात्र घालू नका.