दूरशिक्षणातील समाजकार्य : विद्यार्थी टिकण्याचा प्रश्न

समाजकार्याचे शिक्षण आणि दूरशिक्षण या दोन कल्पनांत सकृद्दर्शनी विरोध दिसतो. पहिलीचा आधार माणसामाणसांतील प्रत्यक्ष संबंध हा आहे, तर दुसरीत शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील अंतर गृहीतच धरलेले असते. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले (1944 मध्ये त्याचे टाटा समाजविज्ञान संस्था असे नामकरण झाले), तेव्हा डोळ्यांपुढे होता तो पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी. सकाळी वर्ग, नंतर वस्तीत क्षेत्रकार्य आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकाशी चर्चा, ही चौकट त्यातूनच घडली. पुढे दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. 1985 साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1989 साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. यथावकाश समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही या मार्गाने, आणि नंतर संगणकाच्या पडद्यावरून, विद्यार्थ्याच्या घरी पोहोचला. तो घरी पोहोचविणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. प्रवेश घेतलेला विद्यार्थी शेवटपर्यंत टिकतो कसा, हा उरलेला आणि अधिक अवघड भाग होय.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास भिलाईतील वैशाली नगरासारखी वसाहत उपयोगी पडते. सोव्हिएत सहकार्याचा करार 1955 मध्ये झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यामागोमाग देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. मराठीला हा प्रदेश परका नव्हताच. छत्तीसगडवर 1854 पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक 1900 साली काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषी होते. आणि जवळच्या राजनांदगाव येथे 1958 पासून अध्यापन करणारे हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी होती. 2008 पासून वैशाली नगर हे एका विधानसभा मतदारसंघाचेही नाव आहे. पाळ्यांत चालणारा कारखाना, त्याभोवतीचे लहान उद्योग व कंत्राटी मजुरी, आणि अनेक भाषांचा शेजार हे या परिसराचे वास्तव होय.

येथील एखादी मराठीभाषी विद्यार्थिनी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. वय पस्तिशीचे, पती पाळीवर जाणारा, स्वतःची नोकरी एखाद्या सेवाभावी संस्थेत, दोन मुले शाळेत. नागपूर किंवा रायपूर येथे दोन वर्षे राहून शिकणे तिला शक्य नाही. म्हणून ती दूरशिक्षणाकडे वळते. अशी विद्यार्थिनी अभ्यासक्रम सोडते तेव्हा तिच्यात चिकाटी नव्हती असे म्हणणे सोपे असते. पण गेल्या अर्धशतकातील संशोधन या उत्तराला दुजोरा देत नाही.

अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये असे मांडले की, विद्यार्थी संस्थेच्या बौद्धिक व सामाजिक जीवनात जितका मिसळतो तितका तो टिकतो. ही उपपत्ती वसतिगृहात राहणाऱ्या तरुणाला धरून होती. जॉन बीन व बार्बरा मेट्झनर यांनी 1985 मध्ये तिला आवश्यक ती पुरवणी जोडली : प्रौढ, नोकरदार, बाहेरून येऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत महाविद्यालयातील मैत्रीपेक्षा कामाचे तास, पैसा, घरातील जबाबदाऱ्या आणि घरच्यांचे पाठबळ यांचा प्रभाव अधिक असतो. मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील ‘अंतर’ या शब्दाचाच अर्थ बदलला. त्यांच्या मते हे अंतर मैलांत मोजावयाचे नसते. संवाद कमी आणि अभ्यासक्रमाची बांधणी ताठर असेल, तर एकाच गावातील शिक्षक-विद्यार्थीही एकमेकांपासून दूरच असतात; संवाद वाढला की ते अंतर आटते.

संवाद लेखनातूनही घडू शकतो, हे स्वीडनमधील बोर्ये होल्मबेर्ग यांचे प्रतिपादन साहित्याच्या अभ्यासकाला विशेष जवळचे वाटेल. पाठ्यपुस्तिका ही वाचकाशी केलेल्या मार्गदर्शक संभाषणासारखी असावी, असे ते म्हणत. मराठी गद्याला ही कल्पना नवी नाही. लोकहितवादींनी 1848 ते 1850 या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी 108 पत्रे लिहिली, ती न पाहिलेल्या वाचकाशी केलेले बोलणेच होते. त्या परंपरेच्या उजेडात स्वाध्यायावरील शेऱ्याकडे पाहिले पाहिजे. ‘ठीक’, ‘अपूर्ण’ अशा शेऱ्यांनी गुण मिळतात, संवाद होत नाही. ‘तुम्ही त्या कुटुंबाच्या कर्जाचा उल्लेख केला आहे, मग मुलाने शाळा सोडण्याशी त्याचा संबंध का जोडला नाही?’ असा एक प्रश्न विद्यार्थिनीला सांगतो की, दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाचत आहे. पहिल्या काही आठवड्यांत, पहिला स्वाध्याय लिहिण्याआधीच, संमंत्रकाने आपण होऊन संपर्क साधणे महत्त्वाचे ठरते ते याच कारणाने. मदत मागावयाची असते हेदेखील नवख्या विद्यार्थ्याला ठाऊक नसते. आणि जो गळतो तो बहुधा काही न बोलताच गळतो.

समाजकार्यात याखेरीज क्षेत्रकार्याची अडचण असते. अमेरिकेतील समाजकार्य शिक्षण परिषदेने पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी किमान 900 तासांचे क्षेत्रकार्य ठरविले आहे. आठवड्यातून एकच मोकळा दिवस असलेल्या व्यक्तीने दर आठवड्यास आठ तास दिले, तर हे तास भरण्यास 112 आठवड्यांहून अधिक काळ लागेल. म्हणजे सुट्टी, आजारपण, परीक्षा काहीही न धरता दोन वर्षे उलटून जातील. 2020 च्या महामारीत त्या परिषदेने 85 टक्के तास पुरे मानण्याची सवलत दिली. चौकट परिस्थितीप्रमाणे वाकविता येते, हे त्यातून दिसले. तथापि तास कमी करणे हा नेहमीचा मार्ग होऊ शकत नाही. त्याऐवजी नोकरीच्या संस्थेतच, परंतु रोजच्या कामाहून वेगळे काम आणि वेगळा मार्गदर्शक देऊन क्षेत्रकार्य करू देणे, पाळी बदलते तशी उपस्थितीची वेळ बदलू देणे, आणि बाळंतपण वा आजारपणात अभ्यास थांबवून पुन्हा त्याच टप्प्यापासून सुरू करण्याची सोय ठेवणे, हे उपाय अधिक योग्य होत.

आणखी एक अडचण सहसा नजरेआड होते. वर्गात शिकणारा विद्यार्थी वस्तीतून परतला की व्हरांड्यात सहाध्याय्यांशी बोलून मन हलके करतो. पडद्यापुढे बसलेल्या विद्यार्थिनीला हा व्हरांडा नसतो. मारहाण सोसणाऱ्या बाईची हकीकत ऐकून ती थेट स्वयंपाकघरात शिरते. तिने ती हकीकत दूरध्वनीवरून मार्गदर्शकाला सांगावी म्हटले, तर दोन खोल्यांच्या घरात ती सर्वांच्या कानी पडते. आणि वसाहत लहान असेल तर ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या बाईला ओळखतही असते. गोपनीयता हे समाजकार्याचे मूलतत्त्व आहे. ते पाळावयाचे तर अभ्यासकेंद्रात दार लावून बसता येईल अशी एक खोली आणि त्याच परिसरातील चार-पाच विद्यार्थ्यांचा नियमित गट, एवढे तरी हवेच. अशी खोली ही तांत्रिक सोयींइतकीच शैक्षणिक गरज आहे.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना ज्या ठिकाणी या प्रश्नात काही भर घालता येईल, ते म्हणजे भाषा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हिंदी व इंग्रजी माध्यमांतून दिला. वैशाली नगरातील मराठी विद्यार्थिनी हिंदीत वाचते, घरी मराठीत विचार करते, वस्तीत छत्तीसगढी ऐकते आणि संज्ञा मात्र इंग्रजी वळणाच्या वापरते. देवनागरी लिपी एक असल्याने हा प्रवास सोपा भासतो. प्रत्यक्षात तो निसरडा आहे. हिंदी पुस्तकातील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठी कानाला ती दंडासारखी ऐकू येते. हिंदीत ‘संसार’ म्हणजे जग. ‘संसार मोडला’ असे मराठी वळणाचे वाक्य नोंदीत आले, तर हिंदीभाषी परीक्षकाला त्यातील विस्कटलेले घर दिसणार नाही. वस्तीतील बाई ‘मन नइ लागय’ असे म्हणते. नोंदीत त्याचे ‘अवसाद’ होते, आणि एका साध्या तक्रारीवर रोगाचा शिक्का बसतो. बाईच्या बोलण्यात एकटेपणा असेल, नवऱ्याच्या स्थलांतराचे दुःख असेल. संज्ञेने ते पुसून टाकले.

वास्तविक या चार भाषांमधील ये-जा ही त्या विद्यार्थिनीची व्यावसायिक पात्रता आहे. मूळ शब्द तसाच नोंदवून त्यापुढे अर्थाचे स्पष्टीकरण लिहावे असा साधा नियम केला, तरी तिची उणीव समजली जाणारी गोष्ट तिचे सामर्थ्य ठरते. 2007 मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला, परंतु समाजकार्याच्या नोंदवहीत तिला अद्याप जागा मिळावयाची आहे. ज्या विद्यार्थ्याला आपली भाषा पाठ्यक्रमात दिसते, त्याला तो पाठ्यक्रम आपला वाटण्याची शक्यता अधिक असते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. समाजकार्यकर्त्याच्या हाती दुर्बळ माणसांचे आयुष्य सोपविले जाते. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला टिकविणे योग्य आहे काय? नाही, हेच त्याचे उत्तर होय. गोपनीयता न पाळणारा, अशिलाला तुच्छ लेखणारा विद्यार्थी वेळीच थांबविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. परंतु त्यासाठी शिक्षकाने त्या विद्यार्थ्याला ओळखले पाहिजे. ज्या व्यवस्थेत कोणी कोणाला ओळखत नाही, तेथे अपात्र माणूस स्वाध्याय पुरे करून पदवी घेऊन जातो आणि पात्र माणूस पाळी, पैसा वा संकोच यांपायी बाहेर पडतो. म्हणजे टिकविणे आणि पारखणे ही दोन्ही कामे एकाच गोष्टीवर, विद्यार्थ्याशी असलेल्या निकट परिचयावर, अवलंबून आहेत.

गळती हा केवळ प्रवेश आणि निकाल यांच्या आकड्यांतील फरक नव्हे. पूर्णवेळ शिकू न शकणारी व्यक्ती बहुधा त्याच वस्तीत राहते, तेथलीच भाषा बोलते आणि पदवी मिळाल्यावरही तेथेच राहण्याची शक्यता असते. ती गळाली तर वस्तीत बाहेरून कोणी प्रशिक्षित कार्यकर्ता येईल, कामाची मुदत संपली की परतही जाईल. परंतु ‘मन नइ लागय’ या शब्दांमागचे घर ज्याला ठाऊक आहे असा कार्यकर्ता त्या वस्तीला लाभणार नाही.