सीझरचे काम आणि विसावा

चाकणच्या बाजारात आपण बैल पारखतो. दात पाहतो, खूर पाहतो. पण बैल थकला, की त्याला कोण विचारतो? आज एका थकलेल्या कामकरी जनावराची गोष्ट ऐका.

त्याचे नाव सीझर. जात लॅब्राडोर. तो मुंबई पोलिसांचा कुत्रा. वासावरून बॉम्ब शोधायचा, हे त्याचे काम. कुत्र्याचे नाक माणसापेक्षा फार तिखट, बरं का! बंद पिशवीतल्या स्फोटकाचा वासही त्याला येतो. असा शिकवलेला कुत्रा वास लागला तरी भुंकत नाही, पिशवी ओढत नाही. गपचूप खाली बसतो. मग शिपाई ओळखतो, इथे धोका आहे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर अतिरेक्यांनी हल्ला केला. तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनस स्टेशनात सीझरने दोन हातगोळे शोधून दिले. ते फुटले असते, तर आणखी किती घरे उघडी पडली असती!

पुढे सीझर म्हातारा झाला. मॅक्स, टायगर, सुलतान हे सोबतीही थकले. त्यांना कोणी रस्त्यावर सोडले नाही. नोकरी संपल्यावर विरारच्या एका शेतावर चौघांची सोय झाली. तिथे त्यांना विसावा मिळाला, माया मिळाली. २०१६ साली चौघेही एकामागून एक गेले. शेवटी, ऑक्टोबरात, सीझर गेला.

पोळ्याला आपण बैलाचे खांदे मळतो, पुरणपोळी देतो. तो मान एका दिवसाचा. ज्याने आपल्यासाठी कष्ट केले, त्याला म्हातारपणी सावली, पाणी आणि मूठभर चारा द्यावा. खरा पोळा तोच.