शब्द अडतो, पण नेमका कुठे?

लाटण्याचं चित्र तीन जणांसमोर ठेवलं आहे, अशी कल्पना करा. एक आजी म्हणतात, "अहो ते... पोळ्या करतो ना आपण, ते!" वस्तू पक्की ठाऊक आहे, नाव तेवढं सापडत नाही. शेजारचे आजोबा चित्र निरखून विचारतात, "हे कशासाठी असतं?" तिसऱ्या बाईंना नाव आठवतंय, पण जीभ वळत नाही: "ला... ताल... लाट..." तिघांच्याही घरचे डॉक्टरांना एकच तक्रार सांगतात, 'हल्ली शब्द सुचत नाहीत.'

मेंदूचं स्कॅनिंग या एका तक्रारीचे तीन वेगळे पत्ते दाखवतं.

आजाराचं नाव प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया. या स्मृतिभ्रंशात आधी भाषा ढासळू लागते, विसरभोळेपणा मागाहून येतो. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली अशा सहा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. २०११ मध्ये तज्ज्ञांनी त्याचे तीन प्रकार ठरवले आणि प्रत्येकाच्या निदानात स्कॅनच्या खुणांनाही स्थान दिलं.

एमआरआयमध्ये आकसलेला भाग दिसतो, बहुतेकदा मेंदूच्या डाव्या बाजूला. आजींच्या प्रकारात तो कानाच्या मागे-वर असतो, आजोबांच्या प्रकारात कानशिलाआडच्या टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाला, तर बाईंच्या प्रकारात कपाळामागच्या फ्रंटल लोबच्या खालच्या भागात. पेट स्कॅनची तऱ्हा आणखी न्यारी. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. तो फ्लोरिन सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो. तेवढ्या वेळात मेंदूचा कोणता भाग साखर कमी खातोय, म्हणजे कुठलं काम मंदावलंय, हे पडद्यावर उमटतं!

पण नकाशा हाती आला म्हणून शब्द परत येतात का? आपोआप नाही. मात्र सराव कोणता द्यायचा, हे त्यावरून ठरवता येतं.

आजोबांचा शब्दांचा अर्थच पुसट होत चाललाय. रोजच्या घडामोडींची आणि जागांची आठवण मात्र बरीच शाबूत आहे. त्यांना छापील कार्डावरचं परकं लाटणं दाखवून फारसा उपयोग नाही. स्वतःच्या ओट्यावरचं, रोज हाताळलेलं लाटणं दाखवत शिकवलं, तर शब्द टिकण्याची शक्यता जास्त. सराव थांबला की तो निसटू शकतो, म्हणून सराव चालूच ठेवावा लागतो.

आजींना ऐकलेले ध्वनी क्षणभर धरून ठेवणं जड जातं, त्यामुळे लांब वाक्य अर्ध्यातच सुटतं. त्यांच्याशी थोडक्यात बोलायचं, आणि नाव अडलं की पायऱ्या द्यायच्या: काय कामाचं, कुठे ठेवतो, पहिलं अक्षर कोणतं.

बाईंना सुट्या शब्दांचे अर्थ नीट कळतात, अडचण आहे उच्चाराची आणि वाक्य जुळवण्याची. टेक्सास विद्यापीठातल्या माया हेन्री यांच्या गटाची पद्धत अशांसाठीच आहे. रुग्णाच्या आवडीच्या विषयावर छोटा मजकूर तयार करतात आणि व्हिडिओतल्या माणसाच्या ओठांकडे बघत, त्याच्या बरोबरीनं तो म्हणायला लावतात.

आता खरं आश्चर्य. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात किराना त्सापकिनी यांच्या गटानं शब्दलेखनाच्या सरावाबरोबर कपाळाच्या डाव्या बाजूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन पाहिला. सरावाचा फायदा त्यामुळे वाढला. फंक्शनल एमआरआयनं त्या जागेचे भाषेच्या इतर भागांशी असलेले दुवे तपासले, तर ते घट्ट होण्याऐवजी सैल झालेले दिसले, आणि जिथे ते अधिक सैलावले तिथे सुधारणाही अधिक होती. आजारात जोडण्या नको तितक्या घट्ट होत असाव्यात, असा एक अंदाज आहे.

नुसत्या स्कॅनवर उपचार बेतता येत नाहीत. तिन्ही प्रकारांच्या सीमा एकमेकींत मिसळतात, आजार पुढे सरकतच राहतो, आणि कोणता शब्द कुठे अडतोय हे कळायला स्पीच थेरपिस्टनं रुग्णाच्या भाषेत त्याच्याशी गप्पा माराव्याच लागतात. जपता येणारे शब्द मोजकेच, त्यामुळे निवड महत्त्वाची. ती स्कॅनला जमणार नाही, घरच्यांना जमेल. थेरपिस्टकडे जाताना स्कॅनच्या फिल्मसोबत एक यादीही न्यावी: नातवंडांची हाकेची नावं, रोजचं औषध, 'दुखतंय', 'नको' आणि 'पुरे'.