रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर...

एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद होती. त्या वेळी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे काही जणांनी दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर प्यायले आणि त्यांपैकी सात जण दगावले. 'एवढी कसली तलफ!' असे म्हणणे सोपे आहे. पण अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाला दारू मिळाली नाही की जे होते, ते नुसत्या तलफेच्या पलीकडचे असते.

दारू मेंदूचे काम मंदावते. रोजच दारू मिळू लागली की मेंदू तिच्यावर मात करण्यासाठी स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकदम थांबली की ही उत्तेजना मोकाट सुटते. साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळते, झोप उडते, छातीत धडधडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्ण बरळू लागतात, अंगावर किडे चढताहेत असे सांगतात, घरच्यांना ओळखत नाहीत. अशा वेळी 'बाहेरचे काहीतरी आहे' म्हणून अंगारा-धुपारा करण्यात मोलाचा वेळ जातो. उपचार न मिळाल्यास ही अवस्था जीवघेणी ठरू शकते.

म्हणून दारू सोडवण्यासाठी माणसाला खोलीत कोंडू नका. जो सकाळी उठल्याबरोबर पितो किंवा ज्याला पूर्वी झटके आले आहेत, त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावी. काही दिवसांची औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांनी हा काळ सुखरूप पार पडतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका; दारूबरोबर त्या घेतल्या गेल्या तर श्वास मंदावू शकतो.

आता सॅनिटायझरविषयी. दुकानातल्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल साधारण ४३ टक्के असते, सॅनिटायझरमध्ये ६० ते ८० टक्के. शिवाय ते अनेकदा पिण्याच्या दारूतले नसून आयसोप्रोपिल अल्कोहोल असते आणि भेसळीच्या मालात मिथेनॉलही सापडते. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभरहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने.

मिथेनॉल फसवे असते. सुरुवातीला नेहमीसारखी नशा वाटते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल व्हायला वेळ लागतो, त्यामुळे बहुधा १२ ते २४ तासांनी पोट दुखू लागते, उलट्या होतात, धाप लागते, डोळ्यांपुढे धुके येते. तोवर घरचे 'उतरली की उठेल' म्हणून वाट पाहत बसलेले असतात. नजर कायमची जाऊ शकते.

कुणी असे काही प्यायले असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. उलटी करवू नका, मिठाचे पाणी किंवा लिंबू पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. त्याच बाटलीतून प्यायलेल्या बाकीच्यांनाही सोबत न्या, बरे वाटत असले तरी. वेळेत पोहोचल्यास प्रतिविष देता येते आणि डायलिसिसने विष रक्तातून काढता येते.

जाताना ती बाटली बरोबर घ्या. काय, किती आणि केव्हा प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगा. लाजेपोटी वेळ चुकीची सांगितली तर उपचाराचा अंदाज चुकतो. दारू सोडण्याबाबत विचारायचे असेल, तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन विनाशुल्क आहे. घरच्यांनी केला तरी चालतो.