मळी, मद्यार्क आणि टाकीतील मोकळी जागा

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांस समुद्रकिनारा नाही. तरीही द्रव रसायने टँकर-जहाजांतून सुरक्षितपणे कशी न्यावीत, हा विषय येथील वाचकांस परका मानण्याचे कारण नाही. भुईंजचा किसन वीर, कराडजवळचा सह्याद्रि, रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा असे अनेक कारखाने कृष्णेच्या खोऱ्यात उभे आहेत. अशा कारखान्यांत साखरेबरोबर मळी निघते, आणि मळी आंबवून मद्यार्क मिळविला जातो. मद्यार्काचा बहुतेक भाग आता पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी देशातच जात असला, तरी मळी व औद्योगिक मद्यार्क हे दोन्ही पदार्थ सागरी व्यापारातील जुने प्रवासी आहेत. खंबाटकीचा घाट उतरून मुंबईच्या पीर पाव धक्क्याकडे किंवा न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा असा टँकर म्हणजे जहाजाच्या टाकीचीच धाकटी आवृत्ती होय.

रसायनवाहू जहाजाचे नाव काढताच जळजळीत आम्ले व विषारी द्रव डोळ्यांपुढे येतात. मोठ्या प्रमाणावर नेल्या जाणाऱ्या रसायनांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने केलेली संहिता १९८६ पासून अमलात आहे. तीत पदार्थाच्या धोक्यानुसार जहाजांचे तीन प्रकार कल्पिले असून अत्यंत घातक मालासाठी पहिल्या प्रकाराचे, म्हणजे सर्वांत भक्कम संरक्षण असलेले जहाज लागते. मळी आणि मद्यार्क मात्र या संहितेच्या अठराव्या प्रकरणात, म्हणजे जे पदार्थ तिच्या बंधनांखाली येत नाहीत त्यांच्या यादीत आढळतात. यावरून हे पदार्थ निरुपद्रवी आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. धोका पुष्कळदा द्रवात नसून द्रवाने न व्यापलेल्या, टाकीतील मोकळ्या जागेत असतो, आणि ही गोष्ट या दोन साध्या पदार्थांवरून जितकी स्पष्ट होते तितकी उग्र आम्लांवरून होत नाही.

प्रथम वजनाचा विचार करू. एक लिटर पाणी एक किलोग्रॅम भरते; एक लिटर मळी सुमारे १.४ किलोग्रॅम भरते. त्यामुळे मळी भरताना जहाज भाररेषेपर्यंत बुडते, तरी टाक्या पुऱ्या भरलेल्या नसतात. अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव, जहाज कलले की, त्याच बाजूस धावतो आणि कल वाढवितो. पाण्याने भरलेली घागर सहज नेता येते, पण परातीत बोटभर पाणी घेऊन चालताना तारांबळ उडते, त्याचे कारण हेच. हा दुष्परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक उभी भिंत घातली, तर प्रत्येक भागाचा परिणाम मूळच्या एक-अष्टमांश होतो आणि दोहोंचा मिळून एक-चतुर्थांश उरतो. एका भिंतीने तीन-चतुर्थांश धोका नाहीसा व्हावा, ही नौकारचनाशास्त्रातील मोठी स्वस्त खरेदी म्हणावी लागेल. रस्त्यावरील टँकरात घातलेले आडपडदे द्रवाची धाव याच हेतूने रोखतात. फक्त तेथे काळजी असते ती गचका मारून थांबण्याची व वळणाची.

मद्यार्काची गोष्ट निराळी. तो हलका आहे. पण त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत बाष्प साचते. हवेत मद्यार्काचे बाष्प सुमारे ३.३ टक्क्यांहून कमी असेल तर ते पेट घेत नाही, आणि १९ टक्क्यांच्या वर गेले तरीही घेत नाही. मधला पट्टा स्फोटक होय. आता बंद टाकीत २० अंश सेल्सियसला हे बाष्प सुमारे ६ टक्के व ३० अंशांना सुमारे १० टक्के होते. म्हणजे आपल्याकडील नेहमीच्या उष्णतामानात मद्यार्काच्या टाकीतील हवा स्फोटक पट्ट्याच्या ऐन मध्यावर असते. पेट्रोल मद्यार्काहून अधिक उडून जाणारे असल्याने त्याच्या बंद टाकीतील बाष्प साधारणतः वरची मर्यादा ओलांडून गेलेले असते. या एका बाबतीत मद्यार्क पेट्रोलहून अधिक जपण्याजोगा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

यावर उपाय म्हणजे मोकळ्या जागेतील प्राणवायूच काढून घेणे. टाकीत नत्रवायू किंवा अन्य निष्क्रिय वायू सोडून प्राणवायूचे प्रमाण ८ टक्क्यांच्या खाली ठेवले, की ठिणगी पडली तरी आग लागत नाही. २०१६ पासून बांधलेल्या ८,००० टन व त्याहून अधिक भारक्षमतेच्या टँकरांस, असा ज्वालाग्राही माल न्यावयाचा असल्यास, ही व्यवस्था आवश्यक करण्यात आली आहे. पण ज्या हवेत आग जगत नाही तीत माणूसही जगत नाही.

येथे मळीकडे पुन्हा यावे लागते. मळी विषारी नाही. ती जनावरांच्या खाद्यात मिसळतात. परंतु टाकी रिकामी झाल्यावर तळाशी व भिंतींस चिकटलेल्या मळीत धुण्याचे पाणी मिसळले की ती आंबू लागते. कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण होतो, आणि तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तळाशी बसतो. टाकी रिकामी दिसते, तीत आग नाही, धूर नाही. आत उतरलेला मनुष्य मात्र काही क्षणांत कोसळतो. त्याला काढावयास धावलेला दुसराही कोसळतो. बंदिस्त जागेतील दुर्घटनांत वाचवावयास गेलेले बळी पडणे हा दुर्दैवाने नेहमीचा अनुभव आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरकरांस हे तत्त्व कोणी शिकवावयास नको. तेथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणीत. बंद पेवात प्राणवायू उरत नाही म्हणून हळदीस कीड लागत नाही, आणि त्याच कारणाने पेव उघडताच कोणी आत उतरत नसे. ते काही तास उघडे ठेवावयाचे, कंदील खाली सोडून पाहावयाचा, आणि तो तेवत राहिला तरच उतरावयाचे, अशी रीत होती. रीतीमागील विचार निर्दोष आहे. मात्र हाच कंदील मद्यार्काच्या टाकीत सोडणे म्हणजे स्फोटास निमंत्रण. म्हणून जहाजावर कंदिलाची जागा वायुमापकाने घेतली. २०१६ च्या जुलैपासून असे हाती धरण्याजोगे मापक प्रत्येक मोठ्या जहाजावर असणे सक्तीचे झाले, आणि बंदिस्त जागेत उतरण्याच्या व तेथून माणूस काढण्याच्या कवायती दर दोन महिन्यांनी घेण्याचा नियम २०१५ पासून लागू आहे.

टाकी धुतल्यावर पाणी कोठे सोडावे, हाही प्रश्न उरतोच. २००७ पासून बांधलेल्या रसायनवाहू जहाजांस टाकी उपसल्यावर तळाशी सुमारे ७५ लिटरांहून अधिक नियंत्रित द्रव मागे ठेवता येत नाही. मळीचे स्थान या बंधनाबाहेर. तथापि सप्टेंबर २०१३ मध्ये होनोलुलू बंदरात जहाजावर मळी चढविणाऱ्या नळातून सुमारे १,४०० टन मळी पाण्यात गेली, तेव्हा हजारो मासे मेले. मळी तळाशी बसली, पाण्यातील प्राणवायू घटला, आणि मासे गुदमरले. कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचे थर पाहिलेल्या सांगलीकरांस हे वर्णन अनोळखी वाटणार नाही.

हे सर्व नियम जहाजासाठी असले, तरी टाक्या काही जहाजावरच असतात असे नाही. मळीच्या व मद्यार्काच्या मोठ्या टाक्या प्रथम कारखान्यातच उभ्या असतात, आणि हंगाम संपल्यावर त्या धुवावयास माणसेच उतरतात; पुष्कळदा ती रोजंदारीवरची असतात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमाने, अशा जागेत उतरण्यापूर्वी हवा तपासून लेखी दाखला घ्यावा, अथवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र व दोरास बांधलेला पट्टा वापरावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, असे घालून दिले होते. हवा तपासताना मापकाची नळी टाकीच्या तोंडाशी धरून भागत नाही. ती वर, मध्ये व तळाशी, अशी तिन्ही ठिकाणी सोडावी लागते. कारण जड वायू तळाशी असतो, आणि उतरणाऱ्याचे काम नेमके तळाशीच असते.